पाऊण फेरी

मार्चात मोहाडीच्या पॅकहाउसला रात्र नसते.
द्राक्षं शून्य अंशावर, आणि आम्ही स्वेटरवर स्वेटर.
उलट्या क्रेटवर माझा लॅपटॉप, कोपऱ्यात तडकलेला.
साडेबाराला पुरुषांची अंतिम फेरी.

बघणारे चार.
मी, वजनकाट्यावरची.
हेमलता टिळे, बिटकोतून निवृत्त झालेल्या सिस्टर,
नाशिकरोडहून भाच्याच्या रिकाम्या टेम्पोत बसून आलेल्या,
मांडीवर चिवड्याचा डबा.
इरफान अत्तार, इंदिरानगरला पोरांना चाकांचे स्केट शिकवतो,
स्वतःचे गुडघे त्यातच घालवून बसलाय.
आणि नामदेव हमाल, जो बघत नव्हता.
"बाप्या माणसानं असला चमचम सदरा?"
असं म्हणून तो पॅलेट ओढत गेला,
आणि दर खेपेला नेमका आमच्याच मागून गेला.

आमचा माणूस आर्वो, एस्टोनियाचा.
वय तीस, म्हणजे ह्या खेळात पणजोबा.
हेमलताबाई त्याला आमचा अरविंद म्हणतात.
त्याच्या घोट्याचं ऑपरेशन झालं तेव्हा
त्यांनी काळारामाला नारळ ठेवला होता,
वर देवाला टाके किती असतील तेही सांगितलं होतं.

आधी सतराचं एक पोर आलं.
चार-चार फेऱ्या अशा मारल्या
जशी जात्यातून पिठाची धार.
इरफान गप्प झाला, मग म्हणाला, "ह्याला हाडं नाहीत."
कौतुक होतं, पण तोंड कडू करून.

मग आर्वो.
पहिली उडी बसली. हेमलताबाईंनी माझा दंड आवळला.
दुसऱ्या उडीला तो वर गेला
आणि नेट गेलं.

तो हवेत. हात छातीशी घट्ट,
चेहरा पुसट, बोटांचे चौकोन झालेले.
वरती एक चाक गोल गोल फिरत राहिलं.
तिकडे त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं,
इथे अजून काही झालेलं नव्हतं.
कुणी चिवडा चावला नाही.
नामदेव पॅलेट सोडून उभा.
कॉम्प्रेसरची घरघर तेवढी.
मला वाटलं, नकोच येऊ दे नेट.

आलं तेव्हा तो बर्फावर बसलेला होता,
रामकुंडाच्या शेवाळल्या पायरीवर
कुणीही बसतं तसा, अचानक, सगळ्यांदेखत.
उठला. पुन्हा पडला. पुन्हा उठला.
शेवटी नुसताच सरकत गेला, एका पायावर, मागे मागे,
हात असा पसरून
जणू अंधारात घरची भिंत चाचपतोय.
त्याला गुण नसतात फारसे.

अकरावा.

मग जे भांडण लागलं!
इरफान म्हणाला, तिसरी उडी पूर्ण होती, डोळे फुटलेत ह्यांचे.
हेमलताबाई म्हणाल्या, परीक्षकांना एकदा
रात्रपाळीत जनरल वॉर्डला उभं करा, मग कळेल उठणं काय असतं.
मी तर फार घाण बोलले. तोंडाला फेस येईतो.
मग समोरचा घड उचलला,
मणी पंधरा मिलिमीटर, एकच मिलिमीटर कमी,
आणि सवयीनं बाजूच्या क्रेटात टाकला.
हात तसाच राहिला थोडा वेळ.

पोर जिंकलं. रडत होतं ते, आईला शोधत.
"बरं झालं बाई," हेमलताबाई म्हणाल्या,
डबा बंद केला, आणि झाकण बसेना
म्हणून त्या रडल्या.

तीनला मी शीतगृहाचं तापमान लिहायला गेले.
दाराशी सांडलेल्या पाण्याचा पापुद्रा गोठलेला.
तिथे नामदेव, गमबूट घातलेला, एकटाच.
इकडेतिकडे पाहिलं, एक पाय उचलला,
हात छातीशी घेतले, आणि फिरला.
भिंतीला धडकला.
मला पाहून टोपी सारखी करत म्हणाला,
"किती?"

मी वही उघडली. एक पूर्णांक दोन अंश.
"पाऊण फेरी," मी म्हटलं. "कमी भरली."
"डोळे फुटलेत तुमचे," नामदेव म्हणाला.