आठ आठवडे

तंबाखूच्या हिशोबाची जुनी वही,
उरलेल्या पानांवर मी रेघा मारल्यात.
रकाने चार : आठवडा, शब्द, मिनिटं, बक्षीस.
एकवीस वर्षं फौजेत कुत्री हाताळली,
तेव्हा तक्ता वरून यायचा, छापील.
हा पहिलाच माझा, शिसपेन्सिलीचा.

विद्यार्थी : उडीद. वय पाच महिने.
सांबऱ्याच्या बसथांब्यामागे पोत्यात सापडला.
एक कान उभा,
दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.

पहिला आठवडा फक्त नाव.
हाकेला बघितलं की खोबऱ्याचा कण.
दिवसातून तीनदा, पाच मिनिटं. जास्त नाही.
कंटाळलेलं कुत्रं आणि कंटाळलेला रंगरूट,
दोघंही बूट चावतात.

दुसरा : बस.
इथंच अडलं.
महादेवी बैलहोंगलची, चुलीपासून तिचं ‘कूत्को’,
शेजारची पोरं ‘सिट, सिट’,
आणि उडीद सगळ्यांकडे बघत
शेपटीनं अंगण झाडत उभाच.
मग पाचवा रकाना काढला : हात.
तळवा वर गेला की बसायचं.
तळव्याला कोण विचारतंय, कुठल्या राज्याचा?

तिसरा ते पाचवा : थांब.
आधी दोन पावलं, मग दहा,
मग मी गोबरगॅसच्या टाकीआड, दिसेनासा.
सहावा : हेच सगळं, पण गोंगाटात.
संध्याकाळचं विमान डोक्यावरून उतरताना,
रविवारी मटणाच्या दुकानापुढून.
सातवा कोरा ठेवलाय.
कुठलाच तक्ता ठरल्यासारखा संपत नाही.

आठवा : ये.
सगळ्यात सोपा शब्द, म्हणून शेवटी.
खाली नियम, दोनदा अधोरेखित :
कितीही उशिरा आलं, चिखलात लोळून आलं,
कुणाची कोंबडी मारून आलं, तरी
आलेल्याला रागवायचं नाही.
एकदा रागावलं की त्या शब्दाचा वास बदलतो.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलेलं हे.
तरी भुजंग आला त्या रात्री,
दीड वर्षानं, बॅग खांद्यावरच,
मी दारातच म्हटलं,
“झाली वाटतं आठवण?”
तांब्या भरलेला तसाच राहिला.

महादेवी फोनवर त्याला अजून एकच अक्षर म्हणते :
बा.
तिच्याकडे त्याचा अर्थ, ये.
माझ्या आईच्या बोलीत, बाप.

मी ‘ये’ खोडलं. शेजारी ‘बा’ लिहिलं.
मोठ्यानं म्हणून बघितलं,
मेंढरू ओरडल्यासारखं झालं.
उडीदनं मान तिरकी केली, जागचा हलला नाही.
बरोबर आहे त्याचं.

दिवसातून तीनदा.
पाच मिनिटं.