खालची पट्टी

रात्री पावणेबाराला शाळेच्या ग्रुपवर
मृणाल रेशीमवालेनं एक गाणं टाकलं.
मजकूर नाही. नुसतं गाणं,
आणि एक पिवळा चेहरा, डोळे मिटलेला.

तेच गाणं.
ज्यात एकूण शब्द पाच, त्यातले तीन 'हे'.
ज्यात एक मुलगी निळ्या जीपच्या बॉनेटवर उभी राहून
वाळवंटाला हात करते,
आणि वाळवंटातून, काही कारण नसताना,
चाळीस पोरं छत्र्या घेऊन येतात.

आम्ही अकरावीत. रामबागेत केबल राठौरची,
दुपारी तीन ते चार त्याचा स्वतःचा चॅनल:
एक व्हीसीआर, एक फोन, फोनवर मेहुणा पिंकू.
गाणं सांगायचं, नाव सांगायचं,
कोणासाठी, तेही सांगायचं.
मग गाण्याच्या खाली पट्टी सरकायची,
उजवीकडून डावीकडे, गाभण गायीसारखी सावकाश:
जेल रोडच्या डिंपलकडून गोलू आणि समस्त भाटिया परिवाराला.
स्पेलिंग पिंकूचं.
कुलकर्णी तिथे कुलकरनी व्हायचे,
आणि चिपळूणकर या नावाचा तर
दर वेळी नवा जन्म.

मला ते गाणं आवडत नाही, असं मी सांगत असे.
पण ते डोक्यात शिरलं की निघत नसे,
दातात अडकलेली बडीशेप जशी,
जीभ आपली ढोसत राहते.
केमिस्ट्रीच्या पेपरात, बेन्झीनच्या कोपऱ्यांवर,
मी तीनदा 'हे' म्हटलं.

मृणाल उघड सांगायची, आवडतं.
शुद्धलेखनात वर्गात पहिली,
आणि टेम्पोच्या मागच्या बाकावर, गुडघ्यांवर वह्या,
छत्र्यांचा तो तुकडा हातांनी करून दाखवायची.
"शेवटून तिसरा बघितलास?
त्याची छत्री उघडतच नाही.
तरी नाचतो, भिया. बंद छत्री घेऊन."

एका बुधवारी चिमणबागेच्या पीसीओवरून
तेहतीस वेळा नंबर फिरवला.
चौतिसाव्यांदा पिंकू.
गाणं सांगितलं. कोणासाठी, तेही.
कोणाकडून? म्हटलं, लिहा, एक शुभचिंतक.
"शुभचिंतक आज बारा झाले, भिया. नाव बोला."
बोललो.

सायकल अशी हाणली की चेन उतरली.
टीव्ही लावला. जीप आली. हे.
वाळवंट. हे.
आणि लाईट गेली.
त्या वर्षी इंदुरात अशीच जायची, मोहल्ल्या-मोहल्ल्यानं.
राठौरकडे जनरेटर होता.
नारायणबागेत, मृणालकडे, वीज होती.
म्हणजे पट्टी सरकली असणार.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत ती
युनिट टेस्टबद्दल बोलली. छत्र्या नाहीत.
मी विचारलं नाही.
पिंकूनं काय लिहिलं असेल एवढंच मनात घोळत राहिलं.
माझं आडनाव चिपळूणकर.

तर ग्रुप जागा झाला.
सुपेकरनं दुसरं टाकलं, मोटारसायकलवालं.
नीलिमानं ते, ज्यात गायकच पोस्टमन होतो.
ऑकलंडहून वाघ, बंगळुरूहून किबे,
बारा मिनिटांत एकवीस गाणी.
ऐकत कोणीच नव्हतं, सगळे वाढत होते,
पंगतीत वाढतात तसं, नको म्हणायच्या आत.

मी पहिलंच लावलं, आवाज बंद करून, बायको झोपलेली.
चित्र आता इतकं स्वच्छ
की वाळवंट पडद्यावर रंगवलेलं दिसतं,
कोपऱ्यात पडद्याला सुरकुती,
जीप मागून ढकलणारा हात, घड्याळासकट.
शेवटून तिसरा आहे.
बंद छत्री घेऊन जीव तोडून नाचतोय.
खाली पट्टी नाही.
तिथे नुसती वाळू.

एकच्या सुमाराला, एकवीस गाण्यांच्या खाली,
मृणालनं एवढंच लिहिलं:
"चीपलूंणकार, जागा आहेस?"