तेरा अंश

मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीला
वळसा घालून मागं गेलं की
आमची खोली नंबर तीन.
दार उघडलं की चष्म्यावर धुकं बसतं.
आधी काच पुसते, मग काटा बघते:
तेरा.
आंब्याला बारा चालेल एकवेळ, केळ्याला नाही.
केळं गारठलं की राखेच्या रंगाचं होतं,
मग उन्हात बसवा, भट्टीत बसवा,
रुसलं ते रुसलंच.

हे दस्तगीरचाचांनी शिकवलं.
माझ्या डिप्लोमाच्या वहीतही होतं तसं,
पण वहीतलं केळं कधी रुसलं नव्हतं.

"तोडलं म्हणून फळ मरत न्हाई, पोरी.
श्वास घेत असतंय ते.
आपलं काम एवढंच,
त्याला धाप लागू द्यायची न्हाई."

म्हणून देठ बोटाच्या पेराएवढा ठेवायचा,
आंबा पालथा धरून चीक निथळू द्यायचा,
सालीवर ओघळला तर डाग पडतो,
आणि डाग भावात दिसतो.
बावन्न अंशाच्या पाण्यात पाच मिनिटं,
घड्याळ लावून, गप्पा न मारता.
मग पंख्याखाली.
मग प्रत्येक क्रेटमध्ये जांभळ्या खड्यांची पुडी,
पिकणाऱ्याचा वास पिऊन टाकणारी.
पुडी तपकिरी झाली की समजायचं
तिचं पोट भरलं, दुसरी आण.

चाचांचे वडील गडहिंग्लजला आढी लावत,
गवताच्या उबेत, पोती पांघरून.
चाचा हसतात: "बा पिकवायचे पैसे घ्यायचा,
मी न पिकवायचे घेतो."

यार्डातले निम्मे सौदे त्यांच्या नाकावर व्हायचे.
देठाशी नाक न्यायचं, डोळे मिटायचे,
आणि म्हणायचं, "चार दिस."
निपाणीचे व्यापारी चाराचे पाच कर म्हणून
चहा पाजत, भजी खाऊ घालत.
चाचा भजी खात. चार ते चारच.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला.
बरे होऊन आले तेव्हा अंगातला स्वेटर
दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका ढगळ.
त्या सकाळी क्रेटच्या मागं
एक पपई राहून गेली होती,
फुटलेली, पाणी सुटलेली.
मला दारातच उमळून आलं.
चाचा तिच्या शेजारी उभे राहून
शांतपणे चहा पीत होते.

मी पपई उचलली, पाटीत टाकली, वर गोणपाट.
बोलले काही नाही.
तेही नाही.
कप तेवढा बशीवर वाजला.

आता सौद्याला मी मागं उभी असते, वही घेऊन.
ते देठाशी नाक नेतात, डोळे मिटतात.
मी पेनाचं टोपण वाजवते.
टक, टक, टक.
"तीन दिस," चाचा म्हणतात,
आणि माणसं माना डोलवतात.
परवा जाताजाता कानाशी म्हणाले,
"हळू वाजव. त्यो गांधीनगरचा शेठ
बहिरा न्हाई."

पण माझे तीन कधी कधी दोन निघतात.
मला वास येतो, त्याचा अर्थ येत नाही.
म्हणून हिशोब मिटल्यावर, दिवेलागणीला,
ते खोलीत स्टूल घेऊन बसतात.
मी एकेक फळ उचलते आणि सांगते.

"हा?"
"गोड."
"गोड तर साखर बी असत्या. नीट सांग."
"देठाशी मोहरासारखा. थोडा राळेचा."
"आणि बुडाशी?"
"बुडाशी काहीच नाही."
"काहीच नाही म्हंजे? कसलं काहीच नाही?
धुतलेल्या ताटाचं का रिकाम्या डब्याचं?"

मी पुन्हा नाक टेकवते.
गार साल. माझाच श्वास त्यावर ओला होतो.
चाचा डोळे मिटून पुढं वाकलेत.
दार उघडंच राहिलंय,
काटा चौदावर आलाय,
आणि मला शब्द सापडत नाही.