दुरुस्त अहवाल

जुन्या मशीननं तिला भलतंच नाव ठेवलं होतं,
दोनदा.
दोन्ही वेळा खाली सही माझी.

परळ, तिसरा मजला. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
ओवळेकर बर्फाचा डबा काखोटीला मारून येतो
आणि टेबलावर रक्ताच्या बाटल्या मांडतो:
बेड सात, हिल्डा घोन्साल्विस, वसई.
बेड नऊ.
बेड अकरा, यशवंत तांडेल,
ज्यांचा मुलगा जिन्यात गाठून विचारतो,
"बुरशी म्हणजे मॅडम, पावावर येते ती?"
तिची लांबची बहीण, मी म्हणते.
खोटं नाही. पुरेसं खरंही नाही.

हिची भिंत सहजी फुटत नाही.
काचेचे मणी घालून दहा मिनिटं घुसळायचं,
मग जे उरतं ते दिसत नाही,
आहे असं धरून चालायचं.
तापव, निवव, जुळव.
तापव, निवव, जुळव.
चोविसाव्या फेरीला पडद्यावरची रेघ
झोपल्या जागेवरून उठून बसली.

कॅन्डिडा ऑरिस.
असं झालं बारसं, पहाटे सव्वाचारला.
तांडेलांचं औषध तासाभरात बदललं.
सात नंबरची गादी तेव्हा उन्हात टाकायला काढली होती.

पुढं सगळी अक्षरं वाचायला दिली, सव्वा कोटी.
सातच्या आणि अकराच्या बुरशीत फरक तीन अक्षरांचा.
आत्या सोयरीक जुळवताना विचारायची,
कुठले, कोणाचे, देवक कोणतं;
इथं विचारायलाच नको, एका घरचे.
पण घर कोणतं?
कठडे पुसून पाहिले, नळ, पडदे,
डॉक्टरांचे मोबाईल (कुरकुरत दिले).
सापडली ती रक्तदाबाच्या पट्ट्यात,
शिवणीच्या आत.

हाच पट्टा सिस्टर लीलाम्मा
दर चार तासांनी दंडाला गुंडाळायच्या,
आधी तळहातानं ऊब देऊन,
गार लागू नये म्हणून.
त्यांना सांगताना मी फक्त पट्टा म्हटलं.
त्या बराच वेळ नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.
पाणी कोपरापर्यंत.

तांडेल चालत घरी गेले.

आज टपालात एक पाकीट टाकलं, वसईला.
आत एकच कागद, वर शिक्का: दुरुस्त अहवाल.
जुनं नाव खोडलंय, नवं लिहिलंय,
खाली सही माझी.
कोण उघडेल, माहीत नाही.