भाता

टाम्पेरेत डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
लोकरी मोज्यात गुंडाळलेला ट्रॅकबॉल पिशवीत घालून
मी वेइक्काच्या तळघरात उतरले.
सोल्डरचा वास. उंच खिडकीतून
नुसते बूट दिसतात माणसांचे, आणि बर्फ.

"लोक आधी कीबोर्ड घेतात, मग त्याच्या जोडीला माऊस.
तुम्ही उलट्या आलात."
म्हटलं, बाबा रे, हातावर पोट आहे माझं,
अगदी शब्दशः.
सव्वीस वर्षं टीव्हीच्या तळाशी ओळी टाकते
ऐकू न येणाऱ्यांसाठी.
दार वाजतं. लांबवर कुत्रं. कुणीतरी रडतंय.
आता माझं मनगट कुरकुरतं
आणि त्याची ओळ कुणी टाकत नाही.

हा लाल गोळा उन्हाळ्यात घेतला.
हात जागचा हलत नाही, अंगठ्यानं जग फिरवायचं.
पण मधे तो लांबलचक कीबोर्ड, शेवटी आकड्यांचं शेपूट,
त्यापलीकडे गोळा, वेशीबाहेर घर दिल्यासारखा.
दिवसातून हजारदा तिथवर जाऊन यायचं
म्हणजे खांद्यानंच.

वेइक्कानं तीन जोड्या मांडल्या.

पहिली एवढीशी, दोन बिस्किटांसारखी.
"बाकीची अक्षरं थराखाली आहेत,
कळ दाबून धरली की वर येतात."
आणि टिंबांचा ॲ? टिंबांचा ओ?
"तेही खाली."
माझ्या आडनावात तो ॲ तीनदा येतो, पोरा.
सही करायला दर वेळी तळघरात उतरू?

दुसरी खोलगट, लाकडी काठवटीसारखी,
बोटं आपोआप तळाला जाऊन बसतात.
हिच्यावर जीव जडला.
पण स्पेस अंगठ्याला, एंटर अंगठ्याला, खोडणंही अंगठ्यालाच,
आणि गोळा आधीच त्याच्या गळ्यात.
एका अंगठ्यानं दोन घरचा संसार किती ओढावा?
मी ती परत ठेवली. मग पुन्हा उचलली.
मग ठेवली.

तिसरी साधी. काळी. मधोमध कापलेली,
दोन तुकड्यांत एक वायर.
टिंबं जागच्या जागी.
फक्त 'ब' डावीकडे गेलेला,
आणि मी आयुष्यभर तो उजव्या हातानं मारते.
"आपल्या भाषेत ब लागतो किती?" वेइक्का हसला.
"बस, बार, बॅले. संपलं."

घरी चार दिवस
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवून
त्यांवर बोटं नाचवत होते मी, अंतर ठरवायला.
इल्पो स्वयंपाकघरातून म्हणाला,
"काय वाजवतेस?"

तेव्हा आठवलं.
मावशीचा बटणांचा अ‍ॅकॉर्डियन, तळ्याकाठचा लाकडी मंडप,
जूनची न मावळणारी रात्र.
डावा हात एकीकडे, उजवा दुसरीकडे,
एकमेकांचं तोंड न बघता सूर जुळवणारे,
आणि मधे भाता, श्वास घेणारा.
मंदीच्या वर्षी विकला तो.
त्या पैशांत पहिला कॉम्प्युटर आला,
आणि दोन्ही हात एकाच फळीवर
कोपर अंगाशी आवळून बसले, थंडी वाजल्यासारखे.

तिसरी घेतली. दोनशे एकोणनव्वद युरो,
पंधरा दिवसांत न जमल्यास परत.
तुकडे खांद्यांएवढे लांब सरकवले
आणि मधल्या मोकळ्या जागेत गोळा ठेवला,
जरासा तिरका.
छाती उघडली. एवढं मात्र खरं.

बाकी हाल आहेत.
पहिल्या रात्री सात ओळींना चाळीस मिनिटं,
आणि नशीब असं, की त्या भागातली सगळी माणसं
बारमध्येच बसलेली.
बारमध्ये ये. कुठला बार? बार बंद आहे.
दर 'ब'ला उजवी तर्जनी सवयीनं
मधल्या रिकाम्या जागेत,
थेट टेबलाच्या लाकडावर.
टक.

टक.

इल्पो दोनदा उठून दार उघडून आला.