हात नुसता ठेवायचा

विमान लहान होतं. यास्ना, तिचं पोट, एक डॉक्टर,
एवढीच जागा. मी मागं पोर्वेनीरच्या धक्क्यावर,
सामुद्रधुनी शांत व्हायची वाट बघत.
बोट पुंता अरेनासला लागली तेव्हा
माझ्या मुलीला जन्मून एकोणीस तास झाले होते
आणि माझ्याआधी सातआठ माणसं तिला ओळखत होती.

आठशे नव्वद ग्रॅम.
मी वजनं हातानं सांगतो. नवं कोकरू चार किलो.
तिळ्यातलं शेवटचं, दीड.
आठशे नव्वद माझ्या हाताला आठवेना.
रात्री बाकावर पडल्या पडल्या सापडलं:
किलोचा साखरेचा पुडा,
ज्यातून कुणीतरी चारदोन दिवस चहा करून प्यायलंय.

धुवा, एदेल्मिरा सिस्टर म्हणाली. कोपरापर्यंत.
धुतले. म्हणाली, पुन्हा.
लोकरीचं तूप आहे ते बाई, वीस वर्षं मुरलेलं,
एका धुण्यात कसं जाईल?
मग तीच ब्रश घेऊन नखांशी बसली.
तळहाताच्या फोडासारखं जपावं म्हणतात लेकरू.
माझ्या फोडांचे कधीच घट्टे झाले.

पेटीच्या कुशीला दोन गोल खिडक्या.
हात आत गेला आणि सवयीनं चोळू लागला.
कोकराला चोळतात. मूठभर गवत घेऊन,
बरगड्यांवर, जोरात, श्वास लागेपर्यंत.
पडद्यावर नव्वद. त्र्याऐंशी. चौऱ्याहत्तर.
पेटी ओरडली.

चोळायचं नाही, एदेल्मिरा म्हणाली,
इतकं सोसत नाही तिच्या कातडीला अजून.
एक हात डोक्याशी, एक पावलांशी.
हात नुसता ठेवायचा.
आणि मग?
मग काही नाही.

बाहेर वारा. चौकाचौकात दोर बांधलेत,
लोक ते धरून रस्ता ओलांडतात,
पिशव्या पुढं, केस पुढं, माणूस मागून.
आत तिच्या नाकात बोटाएवढी नळी.
तीही कशाला तरी धरून ओलांडतेय,
पण मी ते बोलून दाखवत नाही.
इथं उपमा दिली की नर्सा दुसरीकडे बघतात.

शेजारच्या पेटीत लिसांद्रो होता.
गुरुवारी सकाळी ती पेटी पुसलेली, खिडक्या उघड्या,
वाळत.
दुपारी त्याची आई आली, मारिसेल, अंगात कोट तसाच.
गाजराच्या रंगाची टोपी पुढं केली. लिंबाएवढी.
नवीच आहे, म्हणाली.
मग म्हणाली, नाही. दोन दिवस घातली होती.

आमच्याकडे काय करतात ते मला माहीत आहे.
मेलेल्या कोकराची कातडी सोलायची,
पोरक्याच्या पाठीवर बांधायची, पायांना भोकं ठेवून.
मेंढी हुंगते. पाय आपटते. पुन्हा हुंगते.
मग पाजते.
शेकड्यानं केलंय मी हे,
एका हातात सुरी, दातात सुतळी,
आणि वर मेंढीच्या तोंडाकडे
एकदाही बघितलं नव्हतं.

तूच घाल, मी म्हणालो.
एदेल्मिरानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग मारिसेलला बेसिन दाखवलं.
कोपरापर्यंत धुतले तिनं हात. कुणी न सांगता, दोनदा.
टोपी घालताना तिचा हात थरथरला नाही.
माझा थरथरला, आणि तो तर खिशात होता.

यास्नाचा रक्तदाब उतरत नाही, तिला वर आणत नाहीत.
खाली जाऊन फोटो दाखवला.
तिनं गाजरी ठिपक्यावर बोट ठेवलं. कुणी विणली?
एका बाईनं, म्हणालो.
कुठल्या?
वारा पडू दे, म्हणालो. सांगतो.

आता रात्र आहे. एकाण्णव. ब्याण्णव. एकाण्णव.
हाताला मुंग्या आल्यात, खांद्यापर्यंत.
हलवलेला नाही.