नमुना एकोणीस

सुवैकच्या मागे, जिथे खजुरांची रांग विरळ होते
आणि समुद्राचा खार हळूहळू विहिरींत चढतो,
तिथे खल्फानची सहा फद्दान जमीन.
मी तिची माती चाळते दर ऑक्टोबरात,
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून,
पिठासारखी नव्हे, हिशेबासारखी.

नत्र, स्फुरद, पालाश.
शाळेच्या पुस्तकात तिघेही एकाच पोत्यात राहायचे.
मधला मला तेव्हापासून आवडतो, नुसत्या नावासाठी.
स्फुरद.
जे स्फुरतं ते.

इथे ते स्फुरत नाही.
इथल्या मातीत चुना आहे,
खल्फान पोतं ओततो
आणि चुना ते गिळतो, ढेकरही देत नाही.
कुणी फसवलं की आम्ही म्हणतो, चुना लावला :
हे मी त्याला मोडक्या अरबीत सांगून पाहिलं.
तो म्हणाला, ते कळलं. पण बिल कुणाच्या नावावर?

वीस वर्षांची पोती या वावरातच आहेत.
मोजायला गेलं तर सापडतात,
मुळानं मागितलं तर नाहीत.
शंभर दाणे टाकावे, यंदाच्या पिकाच्या तोंडी पंधरा,
कधी बारा.
बाकीचे घरात असून
दार न उघडणाऱ्या माणसांसारखे.

खायच्या सोड्याच्या पाण्यात मी माती
अर्धा तास हलवते
(हलवतं यंत्र, मी चहा पिते),
गाळते, थेंब सोडते, थांबते.
साबणानं धुतलेली नळी चालत नाही,
साबणही खोटं बोलतो.
मग निळं येतं.
मुळाला उचलता येईल
साधारण तेवढंच निळं.

सोळा नमुने : धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशासारखे.
सतरा, अठरा : तेच.
एकोणीस
दौत सांडल्यासारखा निळा.

नळी बदलली. हात धुतले. पुन्हा केलं.
निळा.

फोन लावला : हा एकोणीस कुठला?
मोफिजुलनं खणला, म्हणाला, लिंबाच्या जुन्या खोडाशी.
ते झाड रोगानं गेलं,
मला मिसरूड फुटायच्या आधी.
मग बराच वेळ फोनवर नुसता वारा.
मग : माझा बाप तिथे वाळलेली तारली पुरायचा.
हातभर खोल, मुळाच्या अगदी तोंडाशी,
बुंध्याला एक टोपली, वर एक मासा नाही.
मासा महाग होता?
छे, उंट खायचे तो.
मग?
म्हणायचा, झाडाला भरवायचं असतं,
जमिनीला नाही.

आता अहवालात मी काय लिहू?
फेकून देऊ नये. रोपाच्या बाजूला, चार बोटं खाली, ओळीनं द्यावं.
ठिबकातून थोडं आम्ल सोडावं.
मात्रा निम्मी.
हेच तर मी सहा वर्षं लिहिते आहे,
अरबीत आणि इंग्रजीत, खाली गोल शिक्का,
आणि तो कागद खल्फान
दाराच्या फटीत कोंबतो, वाळू येऊ नये म्हणून.

यंदा तो स्वतः आला.
नळी मागितली; म्हटलं, हा रंग उद्या राहणार नाही.
मग उरलेली मूठभर माती
पुडीत बांधून खिशात ठेवली,
बिल न बघताच गेला.

नोव्हेंबरात मी सहज गाडी वळवली.
मोफिजुल वाकून, टोमॅटोच्या रोपांशेजारी
काठीनं बारीक चर ओढत होता,
चिमूट चिमूट खत, वर माती,
अर्ध्या वावरात.
उरलेल्या अर्ध्यात खल्फान,
कोंबड्यांना दाणे टाकावे तसा
मोकळ्या हातानं खत उधळत.

मी काही बोलले नाही.
तोच म्हणाला, दोन्ही बघू.
बाप बरोबर होता,
हे मला इतक्या लवकर
कबूल करायचं नाही.